मॅक्लारेनच्या मराठी चाहत्यांना पडणारे प्रश्न: घसरण, चढण आणि पपई रंग

फॉर्म्युला वनमध्ये 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं टीमचं विजेतेपद मॅक्लारेनकडे गेलं आणि 2025 मध्ये लँडो नॉरिस विश्वविजेता झाला. तेव्हापासून आपल्याकडे पपई (म्हणजे नारिंगी) रंगाच्या टोप्या दिसू लागल्या आहेत. नव्याने बघायला लागलेल्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. जुने चाहतेही काही गोष्टींवर अजून वाद घालतात. दोघांसाठी ही उत्तरं.

ही टीम नक्की कुणाची? ब्रिटनची की न्यूझीलंडची?

कारखाना इंग्लंडमधल्या वोकिंगला, पण मूळ न्यूझीलंडचं. ऑकलंडच्या ब्रूस मॅक्लारेनने 1963 मध्ये ही टीम काढली. लहानपणी पायाच्या हाडाच्या आजारामुळे तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होता आणि एक पाय आयुष्यभर किंचित आखूड राहिला. याच मुलाने 1959 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, अमेरिकन ग्रां प्री जिंकली. सर्वांत तरुण विजेत्याचा त्याचा विक्रम 2003 मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

मॅक्लारेनची गाडी फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा 1966 साली मोनॅकोला उतरली. पहिला विजय 1968 मध्ये बेल्जियमला मिळाला आणि गाडी स्वतः ब्रूसच चालवत होता. स्वतःच्या नावाची गाडी स्वतः चालवून जिंकणारे या खेळात अगदी मोजके.

2 जून 1970 ला गुडवूडच्या ट्रॅकवर कॅन-अॅम या अमेरिका-कॅनडातल्या रेसमालिकेच्या गाडीची चाचणी घेताना ब्रूसचा अपघाती मृत्यू झाला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. पुढच्या पंधरवड्यातच टीम कॅनडात मॉसपोर्टच्या रेसला उतरली आणि डॅन गर्नीने ती रेस जिंकून दिली. टीमचं दार तेव्हाच बंद झालं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. मॅक्लारेनच्या चिवटपणाबद्दल कुणी विचारलं की मी आधी हीच रेस सांगतो.

पपई रंग आधीपासूनच होता का? आम्हाला तर चंदेरी गाड्या आठवतात.

दोन्ही बरोबर. पपई रंग 1960 च्या दशकाच्या अखेरीस, ब्रूसच्या हयातीतच आला. कॅन-अॅमच्या त्या भल्या रुंद गाड्या या रंगात अमेरिका-कॅनडा गाजवत होत्या. 1974 पासून सिगारेट कंपनीचा लाल-पांढरा रंग आला. एमर्सन फिटिपाल्डी, जेम्स हंट, निकी लाउडा, अॅलन प्रॉस्ट, आयर्टन सेन्ना हे सगळे याच रंगात विश्वविजेते झाले. 1997 पासून चंदेरी. मिका हॅकिनेन आणि लुईस हॅमिल्टन हे त्या काळातले. आपल्याकडे केबलवर रेस बघत वाढलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर मॅक्लारेन म्हटलं की चंदेरीच येते, त्यात काही चूक नाही.

2017 मध्ये नारिंगी रंग परत आला आणि 2018 ला त्याने आजचं पपई रूप घेतलं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. गाडी हळू आहे म्हणून रंग बदलताय, असं म्हणणारे कमी नव्हते. झॅक ब्राउन 2016 च्या अखेरीस कारभार बघायला आला होता आणि टीमला स्वतःचा चेहरा हवा, ही गोष्ट त्याला चांगली कळली होती. प्रायोजकाचा रंग हा प्रायोजकाचाच असतो, तो गेला की रंगही जातो. पपई रंग मात्र टीमचा स्वतःचा आहे. सुरुवातीला टीकेचा धनी झालेला हा निर्णय मला पहिल्यापासून पटला होता आणि आज ग्रँडस्टँडमध्ये नारिंगी पट्टे दिसतात तेव्हा तो आणखी पटतो. (डच चाहतेही नारिंगीच घालतात, ते रेड बुल टीमच्या मॅक्स व्हर्स्टॅपनसाठी. टीव्हीवर एकदम सगळे आपलेच समजू नका.)

मग मधल्या काळात एवढी घसरण का झाली?

2012 च्या ब्राझील ग्रां प्रीत मॅक्लारेनकडून जेन्सन बटन जिंकला. त्यानंतरचा विजय थेट सप्टेंबर 2021 मध्ये, मॉन्झाला. मधली वर्षं वाईट होती आणि त्यातली काही तर फारच वाईट.

2013 ला गाडीची दिशाच चुकली आणि पूर्ण सीझनमध्ये एकही पोडियम (पहिल्या तिघांत जागा) मिळालं नाही. 2015 ला इंजिन पुरवायला होंडा परत आली. 1988 मध्ये याच जोडीने 16 पैकी 15 रेस जिंकल्या होत्या, त्यामुळे अपेक्षा आकाशाला भिडल्या होत्या. हाती आले 27 गुण आणि नववा क्रमांक. जपानला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, तेव्हा मॅक्लारेन चालवणारा अलोन्सो रेडिओवरून या इंजिनाला खालच्या दर्जाचं इंजिन म्हणाला आणि जगाने ते ऐकलं. 2017 मध्ये 30 गुण आणि पुन्हा नववा.

त्या काळात टीम म्हणायची, आमची चॅसी (गाडीचा सांगाडा) उत्तम आहे, इंजिनच मार खातंय. 2018 ला रेनोचं इंजिन बसवलं तरी गाडी मागेच राहिली. त्याच इंजिनावर रेड बुल रेस जिंकत होती. झाकली मूठ उघडी पडली. माझ्या मते मॅक्लारेनची सुधारणा खरी तिथून सुरू झाली, कारण बोट दाखवायला दुसरं कुणी उरलं नाही.

त्यातच 2020 मध्ये पैशाची तंगी आली. समूहातल्या सुमारे 1200 नोकऱ्या कमी करण्याची वेळ आली आणि 2021 ला वोकिंगच्या मुख्यालयाची प्रसिद्ध इमारत विकून पुन्हा भाड्याने घ्यावी लागली.

2023 मध्ये असं काय झालं की गाडी एकदम वेगवान झाली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. आधी आकडे बघा. 2023 च्या पहिल्या 8 रेसमध्ये मॅक्लारेनचे गुण होते 17. उरलेल्या 14 रेसमध्ये 285. एकाच सीझनमध्ये, त्याच दोन ड्रायव्हरांसह, त्याच इंजिनावर.

सुरुवात खरोखर दयनीय होती. बहरीनला ऑस्कर पियास्त्रीची गाडी बंद पडली. नॉरिसच्या गाडीत हवेच्या दाबाची गळती होती म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पिटमध्ये (टायर बदलायच्या, दुरुस्तीच्या जागी) यावं लागलं आणि तो 17 वा आला. टीमने गाडीच्या अनावरणाच्या वेळीच सांगून टाकलं होतं की ठरवलेलं सगळं साधलेलं नाही. अशा समारंभात असं कुणी बोलत नाही. तिथे सगळे ढोल वाजवतात.

आंद्रेआ स्टेला डिसेंबर 2022 मध्ये टीमचा प्रमुख झाला होता. फेरारीत तो शूमाकर, रायकोनेन यांच्याबरोबर काम केलेला इंजिनिअर. पुढे अलोन्सोचा रेस इंजिनिअर झाला आणि त्याच्याबरोबरच 2015 मध्ये मॅक्लारेनला आला. मार्च 2023 मध्ये त्याने तांत्रिक विभागाची फेररचना केली. टेक्निकल डिरेक्टर जेम्स की बाहेर पडला. एकाच माणसाच्या हातात सगळं असण्याऐवजी कामाचे भाग पडले. हवेचं गणित पीटर प्रोड्रोमूकडे आणि इंजिनिअरिंग नील हौल्डीकडे गेलं. गाडीची संकल्पना फेरारीहून येणाऱ्या डेव्हिड सांचेझकडे जाणार होती. सांचेझ 2024 च्या सुरुवातीला आला आणि तीन महिन्यांत गेलाही. रेड बुलमधून आलेला रॉब मार्शल मात्र टिकला आणि आज गाडीच्या रचनेत त्याचा मोठा वाटा आहे.

आता यातली गंमत बघा. मार्शल आला 2024 मध्ये आणि गाडी वेगवान झाली जुलै 2023 मध्ये. म्हणजे पहिली उडी घरातल्याच लोकांनी मारली. प्रोड्रोमू कित्येक वर्षं तिथेच होता. माणसं तीच, पण आता त्यांना मोकळेपणाने काम करता येत होतं. स्टेलाबद्दल वोकिंगचे लोक जे बोलतात त्याचा सूर एकच असतो, हा माणूस ऐकून घेतो. मला वाटतं मॅक्लारेनचं यश समजून घ्यायचं असेल तर विंगपेक्षा इथे बघावं.

ऑस्ट्रियाला नवी बाजूची रचना आणि नवा फ्लोअर (गाडीचा तळ) नॉरिसच्या गाडीवर आला आणि तो चौथा आला. पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला क्वालिफायिंगमध्ये (रेसचा सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) दोन्ही गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या. रेस सुरू झाली आणि नॉरिसने व्हर्स्टॅपनला मागे टाकून पहिले काही लॅप आघाडी घेतली. घरच्या प्रेक्षकांचा तो आवाज टीव्हीवरूनही अंगावर आला होता. शेवटी नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. सेफ्टी कार (अपघात वगैरे झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) अवेळी आली नसती तर पियास्त्रीही पोडियमवर असता.

त्याच उन्हाळ्यात वोकिंगचा नवा विंड टनेल (मॉडेलवर हवा सोडून ते तपासायचा बोगदा) सुरू झाला. तोवर मॅक्लारेन आपली मॉडेल्स जर्मनीत कोलोनला, टोयोटाच्या टनेलमध्ये नेऊन तपासत असे. एखादी कल्पना सुचली की तिची चाचणी व्हायला लागणारा वेळ स्वतःच्या टनेलमुळे वाचला. त्याचं फळ 2024 आणि 2025 च्या गाड्यांमध्ये दिसलं.

पण इंजिन तर मर्सिडीजचं आहे. श्रेय त्यांचं नाही का?

तेच इंजिन मर्सिडीजच्या स्वतःच्या टीमकडे आहे आणि विल्यम्सकडेही. 2024 मध्ये अॅस्टन मार्टिनही त्यावरच धावत होती. त्या वर्षी मर्सिडीज चौथी आली आणि मॅक्लारेन पहिली. इंजिन उत्तमच आहे, पण फरक इंजिनाने पाडला नाही, हे यावरून कळतं.

टायर सांभाळण्यात काही लबाडी आहे, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. 2025 च्या गाडीत मागचे टायर इतरांपेक्षा थंड राहायचे. गरम ट्रॅकवर शेवटचे दहा-पंधरा लॅप बघा, बाकीचे घसरायला लागले की मॅक्लारेन तशीच पळत असे. हे मागच्या ब्रेकच्या आवरणात हवा आणि उष्णता कशी खेळवली जाते, त्यावर अवलंबून होतं. प्रतिस्पर्ध्यांना शंका येणं स्वाभाविक आहे. एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेने तपासणी केली आणि सगळं नियमात निघालं.

विंग वाकण्याचाही असाच गाजावाजा झाला होता. बाकू 2024 नंतर पियास्त्रीच्या मागच्या विंगची चर्चा झाली आणि टीमने ती बदलायचं मान्य केलं. 2025 ला स्पेनपासून पुढच्या विंगची चाचणी कडक झाली, आता मॅक्लारेनचं पितळ उघडं पडणार असं बोललं गेलं. त्या रेसमध्ये पियास्त्री पहिला आणि नॉरिस दुसरा आला.

'पपया रूल्स' म्हणजे नेमकं काय?

दोन्ही ड्रायव्हरांना आपसांत लढायची मुभा, पण एकमेकांना धडकायचं नाही आणि टीमच्या चुकीचा फायदा एकाने दुसऱ्याविरुद्ध उठवायचा नाही. थोडक्यात इतकंच. रेडिओवर हे शब्द 2024 च्या मॉन्झा रेसच्या सुमारास गाजले. तिथे पहिल्याच लॅपमध्ये पियास्त्रीने नॉरिसला मागे टाकलं, त्या गडबडीत फेरारीचा शार्ल लक्लेर्कही पुढे सरकला आणि अखेर रेस जिंकून गेला.

पण हे तत्त्व खरं कसाला लागलं ते त्याआधी हंगेरीला. पियास्त्री पुढे, नॉरिस मागे. मागून येणाऱ्या हॅमिल्टनपासून बचाव म्हणून टीमने नॉरिसला आधी पिटमध्ये बोलावलं. नवे टायर मिळाल्यामुळे पियास्त्री पिटमधून बाहेर येईपर्यंत नॉरिस आपोआप पुढे गेला. टीमने सांगितलं, जागा परत दे. नॉरिस गप्प. लॅपमागून लॅप जात होते, फरक वाढत होता. त्याचा रेस इंजिनिअर विल जोसेफ रेडिओवर त्याला समजावत राहिला की विश्वविजेतेपद एकट्याने मिळत नाही, त्यासाठी ऑस्कर लागेल, टीम लागेल. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता, जवळजवळ विनवणी होती. व्हर्स्टॅपनला गाठायचं तर नॉरिसला एकेक गुण हवा होता. शेवटी 70 पैकी 68 व्या लॅपला त्याने वेग कमी केला, पियास्त्री पुढे गेला आणि त्याने आपली पहिली ग्रां प्री जिंकली.

त्या दिवशी अर्धे चाहते टीमवर चिडले होते, अर्धे नॉरिसवर. मला तो दिवस मॅक्लारेनचा वाटतो. जागा सोडताना नॉरिसच्या जिवावर आलं असणार, तरी त्याने ती सोडली.

2025 ला मॉन्झात उलटं घडलं. नॉरिसचा पिट स्टॉप रेंगाळला, पियास्त्री पुढे गेला, टीमने त्याला जागा परत द्यायला सांगितलं आणि त्याने दिली. पिट स्टॉप लांबणं हा रेसचाच भाग आहे, असं पियास्त्रीचं म्हणणं होतं आणि तिथे मी त्याच्या बाजूचा आहे. हंगेरीला टीमच्या डावपेचामुळे क्रम बदलला होता. मॉन्झाला चाक लवकर बसलं नाही. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालायला नको होत्या.

2025 मध्ये हातातोंडाशी आलेला घास जवळजवळ गेला होता. हे समान वागणुकीमुळेच ना?

काही अंशी हो. पण आणखी कारणंही आहेत.

ऑगस्टअखेर झांडवूर्टच्या रेसनंतर पियास्त्री नॉरिसच्या 34 गुण पुढे होता. नॉरिसची गाडी तिथे तेलगळतीने बंद पडली होती. व्हर्स्टॅपन तर पियास्त्रीच्या तब्बल 104 गुण मागे. विजेतेपद मॅक्लारेनच्याच घरात राहणार, फक्त कुठल्या खोलीत एवढंच ठरायचं होतं. मग बाकूला पियास्त्री पहिल्याच लॅपला भिंतीवर आदळला. ऑस्टिनच्या स्प्रिंटमध्ये (शनिवारच्या छोट्या रेसमध्ये) दोन्ही मॅक्लारेन पहिल्याच वळणावर बाद. टीमचं विजेतेपद तोवर सिंगापूरला, सहा रेस शिल्लक असतानाच खिशात पडलं होतं. मेक्सिको आणि ब्राझील नॉरिसने सलग जिंकल्या.

त्यानंतर दोन धक्के बसले, दोन्ही टीमच्या चुकीमुळे. लास वेगासला नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा आला, पण तपासणीत दोन्ही गाड्यांच्या तळाची फळी झिजून नियमातल्या किमान 9 मिलीमीटर जाडीपेक्षा पातळ झालेली निघाली. दोघेही बाद, दोघांचेही गुण शून्य. पुढे कतारला एका टायरवर जास्तीत जास्त 25 लॅपचं बंधन होतं आणि रेस 57 लॅपची. सातव्या लॅपला सेफ्टी कार आली. तेव्हा पिटमध्ये आलं तर उरलेले 50 लॅप 25-25 असे बरोबर बसत होते. व्हर्स्टॅपनसह जवळजवळ सगळे आत गेले आणि मॅक्लारेनने दोघांनाही बाहेर ठेवलं. पियास्त्री त्या दिवशी सगळ्यांत वेगवान होता, पण रेस व्हर्स्टॅपन घेऊन गेला. तो लॅप मला आजही बघवत नाही.

अबू धाबीला येताना नॉरिस 408, व्हर्स्टॅपन 396, पियास्त्री 392. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला रेस सुरू झाली आणि पुढचा दीड तास कुणी जागचं हललं नसेल. कुणीही जिंकलं तरी नॉरिसला पोडियम पुरेसं होतं. व्हर्स्टॅपन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस तिसरा. अंतिम हिशेब नॉरिस 423, व्हर्स्टॅपन 421, पियास्त्री 410. फक्त दोन गुण!

एकाच ड्रायव्हरला पुढे काढलं असतं तर हे ऑक्टोबरातच आटोपलं असतं, हे गणित चूक नाही. पण मग पियास्त्रीने टीमसाठी पुढच्या वर्षी जीव का तोडायचा? दोन तुल्यबळ ड्रायव्हर होते म्हणून मॅक्लारेनने 833 गुण केले. विजेतेपद दोन गुणांनी मिळालं, ते या मार्गाने मिळालं, याचं मला समाधान आहे.

लँडो की ऑस्कर?

दोघंही. पण स्वभाव वेगळे आहेत, तेवढं लक्षात घ्या.

नॉरिस ब्रिस्टलचा, 2019 पासून मॅक्लारेनमध्ये. मनातलं बोलून मोकळा होतो, चुकलं तर स्वतःलाच धारेवर धरतो. 2021 ला सोचीत पहिला विजय काही लॅपवर आलेला असताना पाऊस आला, त्याने टायर बदलले नाहीत आणि सगळं हातचं गेलं. पहिला विजय मे 2024 मध्ये मायामीला मिळाला. आपल्याकडे ती सोमवारची पहाट होती. 2025 ला सुरुवातीला गाडीच्या पुढच्या भागाचा अंदाज हाताला लागत नाही, अशी त्याची तक्रार होती. कॅनडापासून त्याच्यासाठी पुढच्या सस्पेन्शनची रचना थोडी बदलली. पियास्त्रीला तो बदल नको होता, त्याने जुनीच ठेवली. एकाच टीममध्ये दोन माणसांना गाडी किती वेगळी जाणवते, ते यातून कळतं.

पियास्त्री मेलबर्नचा. 2020 ला फॉर्म्युला थ्री, 2021 ला फॉर्म्युला टू जिंकलेला. 2022 मध्ये अल्पिन टीमने त्याला आपला ड्रायव्हर म्हणून जाहीर केलं आणि त्याने जगजाहीर सांगितलं की मी तुमच्याकडून चालवणार नाही. करार मंडळाचा निकाल मॅक्लारेनच्या बाजूने लागला. रेडिओवर त्याचा आवाज चढलेला क्वचितच ऐकाल. त्याचा रेस इंजिनिअर टॉम स्टॅलर्ड हा 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनसाठी रोइंगचं रौप्यपदक मिळवलेला खेळाडू आहे. दोघांचं रेडिओवरचं बोलणं ऐकताना ते शांतपण जाणवतं.

टीम जिंकायला लागली म्हणून चाहता झालो. जुने लोक हसतील का?

हसू नये. हॅमिल्टनने 2008 मध्ये ब्राझीलला शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणांवर टिमो ग्लॉकला मागे टाकून विजेतेपद घेतलं, तेव्हा कितीतरी जण एका रात्रीत मॅक्लारेनचे झाले होते. आज तेच स्वतःला जुने म्हणवतात.

फक्त एक सुचवतो. 2019 च्या ब्राझील रेसचा शेवट शोधून बघा. कार्लोस साइन्झ सगळ्यांत मागून सुरुवात करून चौथा आला होता. रेसनंतर हॅमिल्टनला दंड झाला आणि साइन्झ तिसरा झाला. 2014 नंतरचं टीमचं ते पहिलं पोडियम. समारंभ तर कधीच उरकला होता, प्रेक्षक पांगले होते. मग साइन्झ आणि सगळे मेकॅनिक मिळून रिकाम्या पोडियमवर चढले आणि त्यांनी तिथे धिंगाणा घातला. तिसऱ्या क्रमांकासाठी एवढा आनंद! पुढे मिळालेल्या विजेतेपदांची किंमत त्या फोटोतल्या चेहऱ्यांवर दिसते.

सेन्नाची मॅक्लारेन आणि ही मॅक्लारेन एकच म्हणायची का?

नाव एक, इतिहास एक, कारभार वेगळा. टीमचा जुना प्रमुख रॉन डेनिस याच्या काळातली मॅक्लारेन काटेकोर, अबोल, थोडी कोरडी होती. त्या शिस्तीनेच 1981 मध्ये कार्बन फायबरची चॅसी फॉर्म्युला वनमध्ये आणली. आज प्रत्येक गाडी तशी असते आणि कित्येक ड्रायव्हरांचे जीव त्यामुळे वाचले आहेत. सेन्नाची तिन्ही विजेतेपदं याच टीममधली. पण सेन्ना आणि प्रॉस्ट एका टीममध्ये असताना 1989 ला जपानमध्ये एकमेकांवर आदळले, त्यांच्यात बोलणंही उरलं नाही. त्या जोडीचा इतिहास स्टेला आणि ब्राउन यांना पाठ असणार, 2025 मध्ये ते इतके सांभाळून का वागले ते त्यावरून कळतं. नॉरिस-पियास्त्रीमध्ये कॅनडाला टक्कर झाली, सिंगापूरला चाकं घासली, तरी दोघं एकमेकांशी धड बोलतात.

टीमही हा वारसा मिरवते. 2023 ला मोनॅको आणि स्पेनला तीन जुन्या विजयांचे रंग गाडीवर होते: 1974 ची इंडियानापोलिस, 1984 ची मोनॅको, 1995 ची ल माँ. या तिन्ही रेस जिंकलेली दुसरी टीम नाही. 2024 ला मोनॅकोला सेन्नाच्या हेल्मेटचे पिवळे-हिरवे-निळे रंग होते. दरवेळी असं रंगवणं मला आवडत नाही, पण ते एक अपवाद.

भारताशी, महाराष्ट्राशी काही नातं?

थोडं आहे. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर 2011 ची पहिली इंडियन ग्रां प्री झाली, तिथे बटन दुसरा आला होता. मुंबईच्या जेहान दारुवालाने 2022 मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनच्या 2021 च्या गाडीतून चाचणी दिली. पुढे फॉर्म्युला वनची जागा त्याला मिळाली नाही. मुंबईतल्या एका मुलाने ती पपई रंगाची गाडी चालवली, याचा मला अभिमान आहे.

रेस भारतात कधी आणि कुठे बघायच्या?

फॅनकोड अॅपवर. युरोपातल्या बहुतेक रेस उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, सिल्व्हरस्टोन साडेसातला. ऑस्ट्रेलिया सकाळी साडेनऊच्या आसपास. अमेरिकेच्या बहुतेक रेससाठी मध्यरात्रीनंतरचा गजर लावावा लागतो. शनिवारचं क्वालिफायिंग चुकवू नका. मोनॅकोसारख्या ट्रॅकवर अर्धी रेस तिथेच ठरते.

2026 च्या नियमांनंतर हा जोर टिकेल का?

2026 पासून गाड्या लहान आणि हलक्या झाल्या, जवळजवळ निम्मी शक्ती विजेची आली, डीआरएस (पुढच्याला गाठायला मागची विंग उघडायची सोय) जाऊन हलणाऱ्या विंग आल्या. पाटी पुसून नव्याने सुरुवात. त्यात एक नियम चाहत्यांनी समजून घ्यावा. विंड टनेल आणि संगणकीय चाचण्यांचा वेळ क्रमवारीवरून ठरतो. पहिल्या टीमला ठरलेल्या वेळेच्या 70 टक्के, दहाव्या टीमला 115 टक्के. म्हणजे जिंकणाऱ्या टीमला सगळ्यांत कमी प्रयोग करता येतात. खर्चाची मर्यादा 2021 पासून आहेच, त्यामुळे पैसे ओतून भरपाई करता येत नाही. तेव्हा एखादी रेस पाचव्या-सहाव्या जागी संपली तर लगेच हाय खाऊ नका. दर महिन्याला गाडी सुधारतेय की नाही, ते बघा. 2023 ला बहरीनचा निकाल बघून टीव्ही बंद करणाऱ्यांचं सिल्व्हरस्टोन हुकलं.

जुन्या रेसपैकी कुठून सुरुवात करू?

या क्रमाने: ब्राझील 2008, कॅनडा 2011 (बटन एकवेळ सर्वांत मागे होता आणि शेवटच्या लॅपला जिंकला), मॉन्झा 2021, सिल्व्हरस्टोन 2023, हंगेरी 2024, अबू धाबी 2024. त्या शेवटच्या रेसमध्ये पियास्त्रीला पहिल्याच वळणावर धक्का बसला, फेरारीच्या दोन्ही गाड्या पोडियमवर आल्या आणि नॉरिसला चूक करायची सोयच उरली नाही. तो जिंकला, टीमला 26 वर्षांनी विजेतेपद मिळालं, 666 विरुद्ध फेरारीचे 652. वेळ कमी असेल तर हंगेरी 2024 चे शेवटचे 20 लॅप रेडिओसकट बघा.